वाचकांचे प्रश्न : लॉज, तालीम आणि घरी परतलेला सैनिक

गेल्या अंकातील या सदरात अमेरिकेतील ‘एल्क्स’ या बंधुसंघटनेविषयी एक छोटे टिपण छापले होते. देशप्रेम, माजी सैनिक आणि तरुण पिढी या तिन्हींचा मान समाजसेवेच्या कामातून राखणाऱ्या या संघटनेच्या स्थानिक शाखांना, म्हणजे लॉजना, तेथील लहान गावांच्या जीवनात मोठे स्थान आहे, असा त्याचा आशय होता आणि १४ जूनच्या अमेरिकन ध्वजदिनाचाही त्यात उल्लेख होता. त्यावर कोल्हापूर शहरातून आणि कागल, शिरोळ, गडहिंग्लज या तालुक्यांतून इतकी पत्रे आली की, या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला द्यावे असे ठरविले. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारखे गाव आपली फौजी परंपरा नावातच बाळगते. अशा जिल्ह्यातील वाचकांना हा विषय परका वाटला नाही, याचे मला समाधान वाटते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि वाचकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा ओहायो राज्यात राहतो. त्याच्याकडे गेलो असताना शेजारच्या गृहस्थांनी आम्हांला त्यांच्या लॉजमध्ये जेवायला नेले. रात्री अकरा वाजता घंटेचे ठोके पडू लागले, तसे बोलणे थांबवून सर्व जण उभे राहिले आणि हजर नसलेल्या सदस्यांचे स्मरण करून पुन्हा बसले. हा एखादा धार्मिक पंथ आहे की गुप्त मंडळी? आणि त्यांचा सैनिकांशी संबंध कसा आला? (निवृत्त बँक अधिकारी, राजारामपुरी)

उत्तर : आपण पाहिलेला प्रसंग एल्क्सच्या नित्य रिवाजाचा भाग आहे. रात्री अकराची वेळ त्यांनी अनुपस्थित बंधूंसाठी राखून ठेवली आहे. त्यांत दूर गेलेले आले आणि दिवंगत झालेलेही आले. हा धार्मिक पंथ नाही. सदस्य होण्यासाठी ईश्वरावर श्रद्धा आणि अमेरिकेचे नागरिकत्व आवश्यक असते, सभागृहातील वेदीवर बायबल आणि राष्ट्रध्वज असतो. परंतु कोणत्याही एका पंथाची उपासना तेथे होत नाही. एकोणिसाव्या शतकातील इतर बंधुसंघटनांप्रमाणे त्यांचेही दीक्षाविधी आणि सभेचे ठरावीक नियम आहेत. त्यांचे काम मात्र गावासमोर उघडपणे चालते.

या संघटनेची सुरुवात न्यूयॉर्कमधील रंगभूमीवरील कलावंतांच्या एका हलक्याफुलक्या मंडळापासून झाली. चार्ल्स व्हिव्हियन हा इंग्लंडहून आलेला गायक-नट त्या मंडळाचा प्रमुख होता. रविवारी मद्यविक्रीस बंदी असल्यामुळे ही मंडळी खासगीत जमत आणि गाण्याबजावण्यात वेळ घालवीत. १८६७ च्या नाताळापूर्वी त्यांच्यातील एका सहकाऱ्याचे निधन झाले आणि त्याची पत्नी व मुले उघड्यावर पडली, तेव्हा केवळ मौजेसाठी जमणे पुरेसे नाही, हे त्यांच्या लक्षात आले आणि १६ फेब्रुवारी १८६८ रोजी परस्परसाहाय्याचा उद्देश ठेवून संघटना रीतसर स्थापन झाली. त्या काळात अमेरिकेत सरकारी निवृत्तिवेतन किंवा आजारपणाचा विमा सामान्य माणसाला उपलब्ध नव्हता. सामाजिक सुरक्षेचा कायदा १९३५ मध्ये झाला. तोपर्यंत आजारी सदस्याचा खर्च, मृताचे अंत्यसंस्कार आणि त्याच्या घराची देखभाल या गोष्टी अनेक ठिकाणी अशा लॉजच्या वर्गणीतूनच भागत असत.

सैनिकांशी त्यांचा संबंध दृढ झाला तो पहिल्या महायुद्धात. फ्रान्समधील युद्धभूमीवर गेलेल्या दोन रुग्णालयांच्या उभारणीचा खर्च एल्क्सने उचलला आणि १९१८ मध्ये जखमी सैनिकांना पुन्हा उभे करण्यासाठी बोस्टनमध्ये ७०० खाटांचे रुग्णालय बांधून ते युद्धखात्याच्या स्वाधीन केले. पुढे त्यांनी सुरू केलेले एक काम मला या भव्य कामांपेक्षाही बोलके वाटते. शिकारी सदस्यांनी दिलेली हरणांची कातडी ते गोळा करतात, कमावून घेतात आणि त्यांपासून चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्या माजी सैनिकांसाठी हातमोजे तयार होतात. खुर्चीची चाके दिवसभर हाताने ढकलणाऱ्या माणसाच्या तळव्यांची कातडी सोलवटते, ही गोष्ट कोणीतरी जवळ बसून पाहिली होती, म्हणून हे मोजे तयार झाले.

प्रश्न : आमच्या शाळेत २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टनंतर पडलेले कागदी ध्वज मुले गोळा करतात. १४ जून हा अमेरिकेचा ध्वजदिन आहे असे आपण लिहिले होते. आपल्याकडे असा दिवस आहे का आणि फाटलेल्या ध्वजाचे काय करावे? (शिक्षिका, कागल)

उत्तर : अमेरिकेचा ध्वज १४ जून १७७७ रोजी स्वीकारण्यात आला. एल्क्सने १९०७ मध्ये त्या दिवसाच्या पाळणुकीचा ठराव केला आणि १९११ पासून तो आपल्या प्रत्येक लॉजला बंधनकारक केला. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांची घोषणा १९१६ ची आहे आणि संसदेने केलेल्या कायद्यावर ट्रुमन यांची स्वाक्षरी १९४९ मध्ये झाली. म्हणजे एका नागरी संघटनेने धरलेला आग्रह सरकारी पातळीवर पोहोचण्यास चार दशके लागली. ट्रुमन स्वतः एल्क्सचे सदस्य होते. या दिवशी अनेक गावांत जीर्ण ध्वज लोकांकडून गोळा करून, विधिपूर्वक अग्नीच्या स्वाधीन केले जातात.

आपल्या ध्वजसंहितेचा नियमही जवळजवळ तसाच आहे. फाटलेला किंवा खराब झालेला राष्ट्रध्वज तुकडे न करता, संपूर्णपणे, खासगीरीत्या आणि शक्यतो जाळून नष्ट करावा, त्याच्या प्रतिष्ठेला साजेशा पद्धतीने करावा, असे २००२ ची संहिता सांगते. कागदी ध्वजही रस्त्यावर टाकू नयेत आणि त्यांची विल्हेवाट याच आदराने लावावी. आपले विद्यार्थी करीत असलेले काम म्हणूनच योग्य आहे. फक्त गोळा केलेल्या ध्वजांचे गाठोडे शाळेच्या अडगळीत वर्षभर पडून राहणार नाही, याची काळजी घ्यावी.

आपल्याकडे ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. त्या दिवशी छातीवर लावायच्या छोट्या ध्वजात लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन रंग असतात आणि ते अनुक्रमे भूदल, नौदल व वायुदलाचे आहेत. या दिवसाच्या निमित्ताने जमा होणारा निधी माजी सैनिक, वीरपत्नी आणि अपंग झालेले जवान यांच्या कल्याणासाठी वापरला जातो आणि जिल्ह्यातील संकलनाचे काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत चालते. पुष्कळ शाळांत त्या दिवशी पाकिटे फिरतात, पैसे जमतात आणि विषय तेथेच संपतो. माझी आपल्याला एक सूचना आहे. एल्क्सच्या लॉज इयत्ता पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी देशप्रेमावर निबंधस्पर्धा घेतात. आपण निबंधाऐवजी मुलाखत लिहून आणायला सांगावी. प्रत्येक विद्यार्थ्याने गावातील एका माजी सैनिकाला पाच प्रश्न विचारावेत : भरती कोठे झाली, पहिला हिवाळा कोठे काढला, घरून पत्र यायला किती दिवस लागत, परत आल्यावर कोणती गोष्ट सर्वांत अवघड गेली आणि आता कशाची गरज आहे. पाचव्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी वेगळी काढून ठेवावीत. पुढे एका तालमीच्या पत्राला दिलेल्या उत्तरात त्यांचा उपयोग सांगितला आहे.

प्रश्न : रोटरी आणि लायन्स यांनाही लॉज म्हणावे काय? (वाचक, इचलकरंजी)

उत्तर : नाही. रोटरी १९०५ मध्ये आणि लायन्स १९१७ मध्ये, दोन्ही शिकागोत सुरू झाले. पण ते व्यावसायिकांचे सेवाभावी क्लब आहेत आणि त्यांत दीक्षाविधी किंवा बंधुत्वाची शपथ नसते. लॉजची परंपरा त्याहून जुनी आहे आणि आपल्या देशात ती प्रामुख्याने फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघटनेच्या रूपाने आली. भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज, म्हणजे तिच्या लॉजची मध्यवर्ती संस्था, १९६१ मध्ये स्थापन झाली.

प्रश्न : बंधुत्वाची भाषा करणाऱ्या या संघटनांनी कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना दारात उभे केले नाही, असे मी वाचले आहे. मग त्यांचे कौतुक कशाला? (विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे आणि टिपणात ते यायला हवे होते. एल्क्सच्या घटनेतील केवळ गौरवर्णीयांना सदस्यत्व देणारी अट १९७३ मध्ये निघाली आणि स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व १९९५ मध्ये मिळाले. दार बंद असल्यामुळे कृष्णवर्णीय नागरिकांनी १८९८ मध्ये सिनसिनाटी येथे एल्क्सचीच स्वतंत्र संघटना उभी केली आणि तीही शिष्यवृत्त्या व समाजकार्य यांसाठी नावाजली गेली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या मातीत रक्त सांडलेल्या कृष्णवर्णीय सैनिकाला स्वतःच्या गावातील लॉजमध्ये बसता येत नव्हते, हे वास्तव सैनिकांच्या सन्मानाविषयी बोलताना नजरेआड करता येत नाही.

हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. १९०२ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानाच्या नोकऱ्यांत मागास समाजांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्या शहरात एखाद्या तालमीने माजी सैनिकांची यादी करताना आपल्याच पेठेतील, आपल्याच भावकीतील घरे तेवढी मोजली, तर तो त्या वारशाशी विसंगत व्यवहार होईल. आपल्या भागातील जवान मराठा लाइट इन्फन्ट्रीत आहेत, तसे १९४१ मध्ये बेळगावात उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्येही आहेत, तोफखान्यात आहेत, सेवा कोअरमध्ये आहेत. यादी वस्तीनिहाय झाली पाहिजे.

प्रश्न : मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला मला पहिल्या रांगेत बसवतात, शाल-श्रीफळ देतात, फोटो काढतात. बाकी वर्षभर कोणी ओळख दाखवीत नाही. मला मदत नको आहे, पण काम हवे आहे. (माजी सैनिक, गडहिंग्लज तालुका)

उत्तर : सुभेदारसाहेब, आलेल्या सर्व पत्रांत आपले पत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. सत्कार करू नये असे मी म्हणणार नाही. गावाने उभे राहून टाळ्या वाजवल्या, याचे मोल पुष्कळांच्या घरच्यांना आयुष्यभर असते. पण चाळिशी-पंचेचाळिशीत निवृत्त झालेल्या, शिस्त आणि माणसे हाताळण्याचे कसब असलेल्या माणसाला वर्षातून दोन दिवस खुर्ची देऊन गावाने स्वतःचेच नुकसान करून घेतले आहे.

अमेरिकेतील माजी सैनिकांची ‘अमेरिकन लीजन’ ही संघटना १९१९ मध्ये स्थापन झाली. निवृत्तिवेतन व उपचार यांसाठी तिने लढा दिलाच. पण १९२५ मध्ये तिने मुलांसाठी बेसबॉलच्या स्पर्धा सुरू केल्या आणि १९३५ पासून शाळकरी मुलांना राज्यकारभार प्रत्यक्ष चालवून शिकविणारी शिबिरे भरविली. सन्मान घेणारे हात तेथे काम देणारे हात झाले. आपल्या तालुक्यात भरतीची तयारी करणारी मुले पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात, त्यामुळे अनेकांच्या नडग्या दुखावतात, आणि शारीरिक चाचणीत उत्तीर्ण झालेली मुलेही लेखी परीक्षेत किंवा वैद्यकीय तपासणीत मागे पडतात. सोळाशे मीटरच्या धावेत पहिल्या फेरीत किती जोर लावावा, कागदपत्रांतील नावे कशी जुळलेली असावीत, सपाट तळवे किंवा कानातील दोष आधीच कसा तपासून घ्यावा, हे शिकविण्यासाठी पैसे घेणाऱ्या अकादमी आहेत. परंतु ज्या मुलाकडे पैसे नाहीत, त्याच्यासाठी आपण आहात. शाळेचे मैदान मागून घ्यावे आणि आठवड्यातील ठरावीक दिवस पक्के करावेत. तसेच जो मुलगा भरतीत निवडला गेला नाही, त्याच्या घरी पहिल्या आठवड्यात आपण स्वतः जावे, अशी माझी विनंती आहे. त्या वेळी त्याला कोणाचेही म्हणणे ऐकायचे नसते, पण फौजेतल्या माणसाचे तो ऐकतो.

आणखी एक काम येऊ घातले आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतील अग्निवीर चार वर्षांची सेवा करतात आणि त्यांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे नियमित सेवेत घेतले जातात. बाकीचे विशीच्या घरात, सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन गावी येतील. त्यांना निवृत्तिवेतन नाही आणि माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभही नाही. हातात एकदम आलेली रक्कम कोठे जाते, हे आपण आपल्या बरोबरीच्यांच्या बाबतीत पाहिले असेल. या मुलांशी पैशाविषयी आणि पुढील शिक्षणाविषयी बोलण्याचा अधिकार गावात आपल्याइतका दुसऱ्या कोणाला नाही.

प्रश्न : आमची तालीम जुनी आहे. कुस्तीचा हौद आहे, फुटबॉलचा संघ आहे, गणेशोत्सव मोठा होतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आमच्या पोरांनी लोकांना बाहेर काढले, जेवण पोचवले. आता माजी सैनिकांसाठी कायमस्वरूपी काहीतरी करावे असे वस्तादांचे म्हणणे आहे. लॉजच्या धर्तीवर तालमीला काय करता येईल? (तालमीचे कार्यकर्ते, शिवाजी पेठ)

उत्तर : आपल्या तालमीला लॉजचे रूप देण्याची गरज नाही. पेठेतील पिढ्यान्‌पिढ्यांचे सदस्यत्व, स्वतःची इमारत, वस्तादांचा शब्द, संकटात हाक न मारता धावून जाण्याची सवय, या सर्व गोष्टी आपल्याकडे आहेत आणि त्या विकत घेता येत नाहीत. लॉजकडून घ्यायची असेल तर एकच गोष्ट घ्यावी : नेमून दिलेले काम. एल्क्समध्ये माजी सैनिकांच्या सेवेसाठी स्वतंत्र समिती असते आणि सरकारी रुग्णालयांत नियमाने जाणारे स्वयंसेवक असतात. उत्साह असो वा नसो, ठरलेल्या दिवशी ठरलेला माणूस पोहोचतो. महापुरात आपली पोरे जिवावर उदार होतात, यात शंका नाही. पण वृद्ध सैनिकाच्या घरची अडचण महापुरासारखी येत नाही. ती एखाद्या अर्जाच्या, एखाद्या न लागलेल्या अंगठ्याच्या रूपाने येते.

पहिल्यांदा आपल्या परिसरातील घरांची यादी करा. माजी सैनिक, वीरपत्नी आणि सैनिकांच्या विधवा यांच्याबरोबरच ज्यांचा मुलगा किंवा मुलगी आज सेवेत आहे, अशा आईवडिलांची घरेही तिच्यात असावीत, कारण ती बहुधा विसरली जातात. पुराचे पाणी चढू लागते तेव्हा काश्मीरमध्ये किंवा अरुणाचलमध्ये असलेल्या जवानाला घरचा फोन लागत नाही आणि त्याला रजाही लगेच मिळत नाही. अशा वेळी आपल्या तालमीतील एका मुलाचा क्रमांक त्याच्याकडे असेल, तर त्याची रात्र कशी बदलेल, याची कल्पना करून पाहा. प्रत्येक कार्यकर्त्याकडे दोनच घरे द्यावीत. दहा घरे दिली की एकाही घरी जाणे होत नाही.

आता काय करायचे ते सांगतो. निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. नोव्हेंबर २०१४ पासून तो डिजिटल पद्धतीने देता येतो आणि आता चेहऱ्याच्या ओळखीने मोबाइलवरही होतो. पण शेतकाम करून बोटांचे ठसे झिजलेल्या आणि मोतीबिंदूमुळे पडद्यावरील सूचना न दिसणाऱ्या माणसाला ते एकट्याने जमत नाही. संरक्षण खात्याचे निवृत्तिवेतन ‘स्पर्श’ या प्रणालीवर गेल्यापासून पूर्वी बँकेतील ओळखीचा कारकून करून देत असे ती कामे संगणकावर आली आहेत आणि पुष्कळ वृद्धांना तिचे नावही धड कळलेले नाही. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे पॉलिक्लिनिक २००३ पासून चालू झालेल्या व्यवस्थेचा भाग आहे. तेथे कार्ड लागते, तेथून मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी घ्यावी लागते, आणि ही चिठ्ठी न घेता थेट खासगी रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचे बिल अडकण्याची शक्यता असते. तातडीच्या वेळी काय करावे, याचे नियम वेगळे आहेत आणि ते आपल्या कार्यकर्त्याला आधीच माहीत असले पाहिजेत. माजी सैनिकाला एका घराच्या मालमत्ता करात सवलत मिळते, तिच्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. ही सर्व कामे कोणीही चुणचुणीत अकरावी-बारावीचा मुलगा किंवा मुलगी दोन दिवसांत शिकू शकेल. प्रशिक्षणासाठी त्या कार्यालयात जाऊन रीतसर विनंती करावी. कागलच्या शिक्षिकांना सुचविलेल्या मुलाखतींतील पाचव्या प्रश्नाची उत्तरे आपल्या परिसरातील शाळांकडून मिळाली, तर सुरुवात कोठून करावी, हेही कळेल.

दोन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. कोणाच्याही घरी एकट्याने जाऊ नये, दोघांनी जावे, आणि बँकेचा पासवर्ड, एटीएमचा पिन किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी कधीही लिहून घेऊ नये. निवृत्तिवेतनधारकांची फसवणूक याच मार्गाने होते आणि एकदा तालमीच्या नावाला असा डाग लागला, तर पुन्हा कोणी दार उघडणार नाही. दुसरे पथ्य राजकारणाचे. फ्रीमेसन लॉजमध्ये पक्षीय राजकारणाच्या आणि धर्माच्या वादाला मनाई असते आणि त्या नियमाने त्यांना दीर्घकाळ एकत्र ठेवले आहे. आपल्याकडे निवडणूक आली की मंडळांच्या फलकांवरील चेहरे बदलतात, हे मी आपल्याला सांगायला नको. या कामाचा फलक लावू नये. फार तर तालमीच्या आत, हौदाजवळच्या भिंतीवर, कोणत्या कार्यकर्त्याकडे कोणती घरे आहेत, एवढा कागद असावा आणि वस्तादांनी दर महिन्याला त्याच्यासमोर उभे राहून विचारणा करावी.

तरुणांच्या बाबतीत एल्क्सचा एक उपक्रम पाहण्यासारखा आहे. १९७२ पासून ते आठ ते तेरा वयोगटातील मुलामुलींसाठी बास्केटबॉलच्या फ्री थ्रोची, म्हणजे ठरावीक रेषेवरून कोणाच्याही अडथळ्याविना बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची, स्पर्धा घेतात. प्रत्येकाला पंचवीस संधी, उंचीचा किंवा महाग साहित्याचा प्रश्न नाही, आणि गावपातळीपासून थेट राष्ट्रीय पातळीपर्यंत चढत जाता येते. आपल्या शहराला फुटबॉलचे वेड आहे. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने असतात तेव्हा शहर दोन बाजूंना वाटले जाते आणि कधी कधी ही ईर्षा नको तेथपर्यंत जाते. लहान मुलांसाठी पेनल्टी किकची अशीच एक स्पर्धा सर्व तालमींनी मिळून घ्यावी, मुलींचा गट बरोबरीने असावा आणि पंच म्हणून माजी सैनिक उभे राहावेत. पंचाशी वाद घालण्याची सवय लागण्यापूर्वीच मुलांना फौजी शिट्टीची ओळख व्हावी, असे मला मनापासून वाटते. मर्दानी खेळाचे प्रात्यक्षिकही त्याच दिवशी ठेवता येईल.

दिवस निवडायचा असेल तर १४ जानेवारी निवडावा. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये याच दिवशी सेवानिवृत्त झाले, म्हणून तो माजी सैनिक दिन म्हणून पाळला जातो. बहुधा त्याच दिवशी संक्रांत येत असल्याने तिळगूळ घेऊन यादीतील प्रत्येक घरी जाण्यास वेगळे निमित्तही लागणार नाही.

प्रश्न : या कामासाठी वर्गणी गोळा करायची तर परवानगी लागते का? (वरील तालमीचेच उपप्रश्न आणि मंगळवार पेठेतील एक पत्र)

उत्तर : आपली संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल आणि तिच्या घटनेत समाजकार्याचा उद्देश असेल, तर पावती देऊन वर्गणी घ्यावी आणि वार्षिक हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात सादर करावा. नोंदणी नसलेल्या मंडळाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली आधी परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवासाठी मंडळे जी परवानगी काढतात, ती हीच. मात्र वर सांगितलेल्या कामांना पैसा फार थोडा लागतो, म्हणून पहिल्या वर्षी वर्गणी काढूच नये, असा माझा सल्ला आहे.

प्रश्न : माझे पती फौजेत होते. ते गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला, पण पलटणीच्या कागदात माझे माहेरचे नाव आहे आणि आधार कार्डावर सासरचे. जन्मतारीखही जुळत नाही. कार्यालयात दोन-तीनदा गेले, प्रत्येक वेळी नवीन कागद सांगतात. मुलगा पुण्याला असतो. मी काय करावे? (एक भगिनी, शिरोळ तालुका)

उत्तर : ताई, आपली अडचण एकट्या आपल्या घरची नाही. लग्नानंतर स्त्रीचे नाव बदलण्याची आपल्याकडील जुनी रीत आणि रजेवर आलेल्या जवानाने घाईत भरलेला विवाहनोंदीचा अर्ज, यांमुळे अनेक भगिनींच्या नोंदी अशाच राहून गेल्या आहेत. हा दोष आपला नाही आणि तो दुरुस्त होतो.

प्रथम पतींचे डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेली नोंदपुस्तिका, आणि निवृत्तिवेतनाचा आदेश, म्हणजे पीपीओ, शोधून त्यांवर आपले नाव व जन्मतारीख नेमकी कशी लिहिली आहे, ते कोणाकडून तरी वाचून घेऊन एका कोऱ्या कागदावर उतरवून ठेवावे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे प्रतिज्ञापत्र साधारणपणे लागते. त्याच्याबरोबर शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा पुरावा, विवाहाचा पुरावा, पतींचा मृत्यूदाखला, आधार, पॅन आणि आपल्या एकटीच्या नावाच्या बँक खात्याचे पासबुक तयार ठेवावे. नोंदीतील दुरुस्ती पतींच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडून होते. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीत असतील तर हे कार्यालय बेळगावला आहे. तेथे स्वतः हेलपाटे घालण्याऐवजी कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत प्रकरण पाठवावे, कारण हे काम त्यांच्या कर्तव्याचा भाग आहे आणि त्यासाठी शुल्क द्यावे लागत नाही. जाताना एक गोष्ट आवर्जून करावी. लागणाऱ्या कागदांची संपूर्ण यादी एकाच वेळी लेखी मागावी आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच तारखेसह घ्यावी. यादी तोंडी मिळाली की कागद वाढत जातात.

आपल्या पत्राची प्रत, आपली हरकत नसेल तर, वर उत्तर लिहिलेल्या गडहिंग्लजच्या सुभेदारसाहेबांकडे पाठविण्याची माझी इच्छा आहे. त्यांनी काम मागितले आहे आणि अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार कसा करावा, हे त्यांना ठाऊक असणार. आपला होकार पोस्टकार्डाने कळवला तरी चालेल. कुटुंब निवृत्तिवेतन मंजूर झाल्यावर थकबाकी पतींच्या निधनाच्या दुसऱ्या दिवसापासून मिळते, म्हणून उशीर झाला या काळजीने प्रयत्न सोडू नयेत, आणि मंजुरीनंतर आरोग्य योजनेचे कार्ड आपल्या नावे करून घेण्याचा अर्ज त्याच फेरीत द्यावा.